आवाजाची चाचणी

"पोर हल्ली खोलीत दिवाही न लावता बसून असते गं. जरा बघ तिच्याकडे," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा आईने ते हसण्यावारी नेलं होतं. "अहो, वयच तसलं. घरात कुणी नको आणि हातात मोबाइल हवा!"

आता ती दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर उभी होती. आत तिची तेरा वर्षांची लेक नळ्यांच्या गुंत्यात निपचित पडली होती. आदल्या संध्याकाळी तिने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरबाई सकाळपासून एकच विचारत होत्या, "कुणाजवळ काही बोलली होती का?" आणि आई एकच सांगत होती, "नाही हो. अवाक्षर नाही."

वर मोबाइल पुढे करत होती. शाळेच्या क्रीडादिनाची बातमी मुलांच्याच चमूने केली होती आणि बातमी सांगायला लेक उभी राहिली होती. काय ठसक्यात बोलली होती! आईने तो व्हिडिओ झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. "परवाचाच आहे. बघा ना, हसतेय."

दुपारी लेकीची मैत्रीण आली. चमूत आवाजाचं काम तिच्याकडे. स्वतःचा घसा असा, की मैदानाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा माणूस दचकावा. सगळे तिला भोंगा म्हणत. आज भोंगा कुजबुजली.

"काकू, एक ऐकवायचंय. आम्ही कापून टाकलेलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये राहिलंय."

चमूची रीतच होती. बातमीआधी बोलणाऱ्याने माइकमध्ये तोंडाला येईल ते बडबडायचं. पाढे म्हण, कविता म्हण, मास्तरांची नक्कल कर. आवाज फाटत नाही ना, वारा घुसत नाही ना, एवढंच हेडफोन लावून तपासायचं. मग तो तुकडा उडवायचा. शब्दांकडे कुणी लक्ष देतच नसे.

भोंग्याने हेडफोन आईच्या कानाला लावला.

"एक, दोन, तीन." लेकीचा आवाज. पाढे म्हणावेत तसा, सपाट. "मला झोप लागत नाही. लागली तर उठावंसं वाटत नाही. मी नसले तर सगळ्यांनाच बरं पडेल. हे कुणाला सांगायचं असतं, कळत नाही. एक, दोन, तीन."

मागोमाग भोंग्याचा खणखणीत आवाज. "एकदम झकास येतोय! झाली चाचणी. चल, आता खरं बोल."

आणि तिथून आईला पाठ असलेला व्हिडिओ सुरू झाला. "नमस्कार! आज आपल्या शाळेत आनंदाला नुसतं उधाण आलंय..."

आईने हेडफोन काढून हातात घेतला.

"माझ्या कानातच होतं, काकू," भोंगा म्हणाली. "सगळं नीट ऐकू येत होतं."

आईने तिला जवळ ओढलं. तेवढ्यात आत घाईची पावलं वाजली, नर्स धावल्या. आई काचेला चिकटली. मान न वळवताच तिने विचारलं, "तू बरी आहेस ना गं?"

"हो काकू. मी मस्त."

बऱ्याच वेळाने आईने वळून खिडकीतून बघितलं, तर पोर पार दवाखान्याच्या फाटकाशी पोचली होती. एकटीच.

आईला इथून हलवत नाहीये. तुम्ही जाल का तिच्या मागोमाग? 'मी मस्त' म्हणाली, तरी लगेच मागे फिरू नका.