आजचा शब्द

"आखाजी व्हईसन सव्वा महिना झाया, तरी हाऊ झोका आजून निंबलेच शे," ओट्यावर शेंगा फोडता फोडता आई पुटपुटली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या, की आमच्याकडे झाडांना बांधलेले झोके सोडतात. गल्लीतले बाकीचे केव्हाच सुटले होते. आमच्या कडुनिंबाच्या झोक्यावर मी डोळे मिटून बसले होते. तो पुढे गेला की वाटायचं, धुळ्याचं, सासरचं दार आलं. मागे आला की पिकल्या निंबोळ्यांचा वास यायचा आणि जीव पुन्हा जागेवर बसायचा.

कोकिळावहिनीच्या मोबाईलवर रोज एक इंग्रजी शब्द येतो.

"आजचा शब्द गेस्ट," तिने मोठ्याने वाचलं. "व्हिजिटर म्हटलं तरी पाहुणाच, आणि कंपनी म्हटलं तरी पाहुणाच म्हणे. रोजच्या बोलण्यातलं वाक्य करा."

"सोपं शे," दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "दिपमाला इज अवर गेस्ट."

कोणीच हसलं नाही. आई खाली मान घालून शेंगा फोडत राहिली. दादा गार झालेला चहा फुंकू लागला.

वहिनी उठली आणि तिने झोक्याची दोरी धरली.

"चुकलं तुमचं वाक्य," ती दादाला म्हणाली. "परत कधी जाणार, हे पाहुण्यांना विचारत नाहीत. महिनाभर आपण नाहीच विचारलं. आज मी घरातल्या माणसाला विचारते. ताई, तुम्हाला परत जायचंच नाहीये ना?"