पडद्याआडची खरखर

"बरोबर झालीय का, चाचा?" नसीमानं रोजच्यासारखं विचारलं. तार भरून गुंजत राहावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून तिनं तंबोऱ्याला जवारी लावली होती. इलाहीचाचांनी नेहमीप्रमाणे नुसती मान डोलावली आणि तंबोरा पडद्याआड नेला. थोड्याच वेळात आतून कानशीची खरखर ऐकू आली.

म्हणजे आपलं काम चाचा पुन्हा करतात! चाचांच्या मिरजेच्या दुकानात गिऱ्हाइकं तिच्या हाताचं कौतुक करायची, तेव्हा तिला चोरट्यासारखं व्हायचं. आता तर पुण्याच्या एका गायिकेनं जवारी नसीमाकडूनच हवी, असा निरोप धाडला होता. नाही म्हणून कळवायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं.

पण चाचा घासतात तरी नेमकं कुठं? हे कळल्याशिवाय तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिनं घोडीवर पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. तंबोरा आत गेला, खरखर झाली, तंबोरा बाहेर आला. रेघ जशीच्या तशी!

पुढच्या वेळी तिनं हळूच पडदा सारला. चाचांसमोर दोन तंबोरे होते. तिच्या तंबोऱ्याची तार छेडून ते भोपळ्याला गाल लावत आणि मग स्वतःच्या तंबोऱ्याची घोडी घासत.

तिला पाहून ते ओशाळले. "कान साथ देईनात गं. तुझ्या जवारीवरनं माझी जुळवतो." मग आपला तंबोरा तिच्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "बरोबर झालीय का?"

नसीमानं तार छेडली, डोळे मिटून ऐकली.

"अजून थोडी राहिलीय, चाचा," म्हणत तिनं कानशीसाठी हात पुढे केला.