हिरवा ठिपका

तानजिला बांगलादेशातल्या जमुना नदीची पाहणी करणाऱ्या पथकात होती. उपग्रहाने टिपलेलं नदीचं चित्र अंगणात पसरून तिने एकदाचं सांगून टाकलं, "चाची, या पावसाळ्यात हा काठ टिकत नाही. तुमचं घर जमुनेत जाणार."

रोमेछा चाची सुपारी कातरत राहिली. "हे नववं घर, पोरी. म्हणून तर पत्रे ठोकत नाही, दोरीने बांधते, सोडून नेता येतात. पण एवढी माती गिळून ही बया टाकते कुठे, ते दिसतं का तुझ्या चित्रात?"

तानजिलाने नदीच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे. तीन वर्षं गाळ साचतोय. पण नुसती वाळूच, पुढच्या पुरात राहील याचा नेम नाही."

"आणि हा हिरवा ठिपका?"

"तो चित्रातला दोष आहे. आम्ही पुसून टाकणार आहोत. अशा वाळूत आपोआप काही उगवत नाही."

"आपोआप कसं उगवेल?" चाचीने कास गवताच्या मुळ्यांनी भरलेली टोपली पुढे ओढली. "दोन वर्षं होडीने जाऊन लावतेय. हे गवत गाळाला हलू देत नाही. पुसू नकोस हो, माझं दहावं घर आहे ते."