जांभळी पट्टी

खाडीच्या मासळीला औषधाचा वास येतो, अशी कुजबुज पनवेलच्या मासळी बाजारात सुरू झाली होती. तिथेच मासळी विकणाऱ्या गोदूमावशीला त्याचा फार राग यायचा. कॉलेजात संशोधन करणारी मनिषा मासळीतला विषारी धातू ओळखणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या घेऊन बाजारात आली, तेव्हा मावशीनेच तिला हाक मारली.

"माजीच मासली पयली तपास. सगल्यांसमोर."

पट्टी म्हणजे जांभळाच्या सालीच्या रंगात बुडवलेला साधा कागद. त्यात कसलंही रसायन नव्हतं, काम झालं की मातीत टाकला तरी चालणारा. मनिषाने बोय माशाचा तुकडा चेचून त्याचा रस पट्टीवर टाकला. जांभळा रंग हळूहळू हिरवा होत गेला.

"मावशी, कारखान्यांच्या सांडपाण्यातला धातू यात उतरलाय," ती हळूच म्हणाली. "हे विकू नका."

गोदूमावशीने वाद घातला नाही. तिने टोपलीवर फडकं टाकलं, समोरचं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि मनिषाचा हात धरून तिला बाजूला नेलं.

"माजी सून पोटुशी हाय. तिला रोज खाडीचीच ताजी मासली खायला घालते मी. ही पट्टी तिला लावून बगशील का, बाय?"