शेवटच्या नंबरची वेणी

"मुंडी हालवू नको वो, रागिणी! फणी फसली आहे तुह्या केसात अन् तू हासून काय राह्यली?"

होस्टेल सांभाळणाऱ्या जमुनामावशींनी फणी ओढली. फणी सुटली, पण तिचा एक दात रागिणीच्या केसांतच राहिला. त्यावर रागिणी अजूनच हसली. शेंदूरजनाघाटच्या या मुलीचे केस म्हणजे नुसतं रान होतं, आणि हसणं असं की स्वयंपाकघरातली मांजर पळून जावी.

दहावीचा शेवटचा पेपर काल झाला होता. आज मुली घरी निघाल्या होत्या. अमरावतीच्या या होस्टेलातून जाणाऱ्या प्रत्येक मुलीची शेवटची वेणी मावशींनी घालायची, असा रिवाजच होता. रिबिनीची गाठ मारता मारता मावशी एकेकीला तिच्यापुरतं काहीतरी बोलायच्या. मुली म्हणायच्या, खरा निकाल तोच. बोर्डाचा काय, लागेल तेव्हा लागेल.

"घरी गेल्यावर अशी हासशील तं माय म्हणन, होस्टेलनं पोरगी बिघडवली," मावशींनी गाठ आवळली. "सांगजो, मावशीनंच बिघडवली. झालं, ऊठ."

मग मोर्शीची सीमा बसली. पाचवीत आली तेव्हा रडून रडून उशी भिजवायची आणि डोक्यात उवांचा बाजार होता. मावशींनी चार रविवार तिच्या डोक्याला कडुनिंबाचा पाला चोळला होता. आता तिला पोलीस व्हायचं होतं.

"पोलीस झाली का पहिले आपल्या भाजीवाल्याले पकड. सडके वांगे देते मेला. अन् माह्या डब्यातला गूळ कोण चोरे, थे मले पहिल्यापासून मालूम होतं."

"मावशी!"

"झालं, ऊठ."

ऊन वरांड्यात चटईपर्यंत आलं होतं. मावशींच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळपासून ठणकत होता. त्या मधेच हात झटकायच्या, पदराला तेल पुसायच्या आणि पुढचं डोकं जवळ ओढायच्या. चेहरे त्यांना फारसे दिसतच नव्हते. नुसत्या माना, भांग आणि कानामागचे तीळ. पण तेवढ्यावरून कोण बसलंय ते त्यांना बरोबर कळायचं.

पौर्णिमा अकोल्याची. तिची गाडी आधी होती, म्हणून ती मधे घुसली. मग आणखी दोघी घुसल्या. सगळ्यांत शेवटी प्रतीक्षा बसली. तोवर मावशींचे हात लाकडासारखे झाले होते. त्यांनी कशीबशी वेणी ओढली, रिबीन गुंडाळली आणि तिच्या खांद्यावर थाप मारली.

"झालं, ऊठ."

प्रतीक्षा क्षणभर तशीच बसली. मग उठली आणि आत गेली.

मावशींनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. फाटकाशी पेट्या आपटत होत्या, बापांचे मोठमोठे आवाज येत होते, गाड्या चालू होत होत्या. हळूहळू सगळं शांत झालं.

डोळे उघडले तर समोर एक पाठ. मोकळे केस. डाव्या कानामागे तीळ.

"प्रतीक्षा? तुही तं झाली नं आत्ता?"

"सुटली."

"माह्या हातची वेणी सुटत नाई वो. वीस वर्षं झाले, कोणाची नाई सुटली."

"माही सुटते, मावशी." प्रतीक्षाने मान वळवली नाही. "दर रविवारी सुटते. सोमवारी प्रार्थनेच्या आधी हातानंच बांधा लागते."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"शेवटी बसल्यावर ढिलीच येते. तुमचे हात दुखून जाते नं तोवर."

मावशींच्या हातातली फणी थांबली. रविवारची तेल-वेणी त्यांना आठवली. रागिणीचं हसणं, सीमाचं रडणं, मधे घुसणाऱ्यांची भांडणं. आणि रांगेच्या टोकाला एक मुलगी, जी कधीच म्हणाली नाही की माझा नंबर आहे. "तिची घाला पहिले, मावशी," एवढंच म्हणायची.

फाटकातून तिच्या वडलांनी, उत्तमरावांनी हाक दिली, "ताई, अकोटची गाडी निघून जाईन नं!"

"दुसरीनं जा, भाऊ! बसा तिथं सावलीत!"

मावशींनी तेलाची बाटली पुन्हा उघडली. अंगठा गुडघ्यावर दाबला आणि अगदी पहिल्यापासून भांग पाडला. एकेक पेड ओढून घेऊ लागल्या. अंगठ्यातून कळ पार कोपरापर्यंत जात होती.

"दुखून राह्यलं का वो?"

"नाई. घट्ट घाला."

प्रतीक्षाच्या कानांपाशी कातडी ताणली गेली होती. तरी ती मान ताठ ठेवून बसली होती.

गाठीपर्यंत आल्यावर मावशी थांबल्या. आता बोलायचं होतं. पण काय? या मुलीने फणी मोडली नव्हती, गूळ चोरला नव्हता, रात्री रडून कोणाला उठवलं नव्हतं. त्यांनी रिबीन सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"एखांद्या रविवारी तरी मधात घुसाचं होतं वो तू," शेवटी त्या म्हणाल्या.

प्रतीक्षाचे खांदे हलले. हसली की रडली, पाठीवरून कळलं नाही.

मावशींनी गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक मारली. फाटकाबाहेर अकोटची गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

मावशी 'झालं, ऊठ' म्हणाल्या नाहीत.