फरशीला हत्ता

"पुन्हा," दिग्दर्शक म्हणाला.

अश्लेषा उठली. कोपर सोललं होतं. सिंगापूरमधल्या तोआ पायोहचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सचं मोठं आवार, सफाईसाठी बंद, म्हणून आज शूटिंगला मिळालेलं. नूडल्सचा ट्रे घेऊन यायचं आणि ओल्या फरशीवर घसरून पडायचं, एवढंच तिचं काम. अमेरिकेतल्या सिनेमांत, मालिकांत ती वर्षानुवर्षं हेच करत आली होती. लहानपणी न्यू जर्सीत, गणपतीच्या कार्यक्रमात ती नऊवारीत अडकून पडली, अख्खा हॉल हसला, आणि रडायचं विसरून ती मुद्दाम पुन्हा पडली. तेव्हापासून पडतेच आहे. आता मात्र कोणी हसत नव्हतं.

"पूर्वी हिच्यात मजा होती," दिग्दर्शक निर्मात्याला म्हणाला. आवाज खाली आणायची तसदीही त्याने घेतली नाही. "आज जमलं नाही तर हिचा रोलच काढू."

बाजूच्या टेबलाशी मीनलमावशी तीन वर्षांच्या जाईला मांडीवर घेऊन बसली होती. शूटिंग संपेपर्यंत मायलेकींचा मुक्काम तिच्याच हौगांगच्या फ्लॅटमध्ये.

"अगं, पाठ मोडून घेशील," मावशी कुरकुरली. "त्याला म्हणावं, तूच पड की एकदा!"

"मावशी, प्लीज. तू फक्त जाईला धर."

या वेळी अश्लेषा खरंच जोरात आपटली. ट्रे खणखणत लांब गेला. तोंडून "आई गं" निघालं. तरी कोणी हसलं नाही.

जाई मावशीच्या हातातून निसटली. धावत आली, आईशेजारी फतकल मारून फरशीला फाडफाड मारू लागली. "हत्ता! माझ्या आईला पाडते! नॉटी फ्लोअर!" काल ती स्वतः घसरली होती, तेव्हा मावशीने फरशीला अशीच शिक्षा केली होती.

अख्खा सेट हसला. अश्लेषाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं पडली, पण तिच्यासाठी फरशीला कोणी मारलं नव्हतं.

"हेच हवं होतं!" दिग्दर्शक ओरडला. "मुलीला सीनमध्ये घेऊ. तुझा रोल पक्का. अजून एकदा!"

रोल पक्का. अश्लेषाने ट्रे उचलला आणि पडली. जाई धावत आली, तिने फरशीला मारलं. सगळे हसले. पण या वेळी तिने आईकडे पाहिलंच नाही. ती हसणाऱ्यांकडे बघत होती. हसणं ओसरलं, तशी तिने आणखी एक चापट मारली.

अश्लेषाने तिला उचलून कडेवर घेतलं.

"कट," ती म्हणाली. दिग्दर्शकाच्या आधी.