आईचा आवाज

जुनी रहस्यमालिका पुन्हा लागली आणि घरोघरी लोक त्या हुशार गुप्तहेरासाठी टीव्हीपुढे बसू लागले. शलाका मात्र एकाच भागाची वाट पाहत होती. त्यात तिच्या आईनं साक्षीदाराचं काम केलं होतं. शलाका रांगत असतानाच आई गेली. तिचा आवाज आज पहिल्यांदाच कानी पडणार होता.

"साहेब, मी त्याला खिडकीतून पाहिलं," पडद्यावरची आई म्हणाली. शलाकाचे डोळे भरून आले.

शेजारी बसलेले बाबा चुळबुळले. "हा आवाज तिचा नाही गं. डबिंगच्या वेळी तिचा घसा बसला होता. दुसरीच कुणी बोललीय."

"मग तिचा कसा होता?"

"आता नीट आठवतही नाही," बाबा हळूच म्हणाले.

शलाकानं टीव्हीचा आवाज बंद केला. आई बोलत राहिली आणि दोघं तिच्या ओठांकडे बघत राहिली.